बजेट ट्रिप नक्की कुणाच्या पैशाने?

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच गणित फिरायला लागतं. चार जण, एक गाडी, दोन दिवस, माणशी हजार रुपये. अंबडहून निघायचं, सावळघाट ओलांडून पेठ, पुढे बाऱ्हे, सुरगाणा, बोरगाव, जमलं तर सापुतारा, आणि वणी-दिंडोरीवरून परत. सोमवारी रील पडते: ‘हजार रुपयांत स्वर्ग’.

माझा आक्षेप या हजार रुपयांवर आहे. हा आकडा खोटा आहे.

हिशेब मांडून बघा. एकूण चार हजार. अडीचशे किलोमीटरच्या फेऱ्याला सोळाशे-सतराशेचं पेट्रोल, ते नाशिकमध्येच भरलेलं. मॅगी, ब्रेड, अंडी, चिप्स, थंड पेयं सिडकोतल्या मार्टमधून. तंबू कुणाकडून तरी मागून आणलेला. पेठच्या पुढे खिशातून काय निघतं? चार चहा, दोन बिस्किटचे पुडे, फार तर भाजलेली मक्याची कणसं. चार हजारांतले दीडशे-दोनशे रुपये त्या भागात राहतात, ज्या भागासाठी ट्रिप काढली होती.

बाकी सगळं फुकट. गाडी लावली ते कुणाचं तरी खळं असतं. तंबू ठोकला ते शाळेचं मैदान असतं. शेकोटीची लाकडं कुणीतरी पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली असतात. सकाळी राहिलेल्या प्लेट्स आणि बाटल्या कुणीतरी उचलणार असतं. यातल्या प्रत्येक गोष्टीला मालक आहे आणि किंमतही आहे. आपण ती मोजली नाही, एवढंच. सॉफ्टवेअरमध्ये आपला बग दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये ढकलला की आपला डॅशबोर्ड हिरवा दिसतो. बजेट ट्रिपचा डॅशबोर्ड असाच हिरवा असतो.

पाण्याचं घ्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे जिल्ह्यातले जास्त पावसाचे तालुके. तिथलं बरंचसं पाणी नार, पार, दमणगंगेतून पश्चिमेला समुद्राकडे निघून जातं, आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका पाण्यासाठी तास नदीची खोल घळ लाकडी बल्ल्यांवरून ओलांडायच्या. ते फोटो राज्यभर फिरले, तेव्हा 2022 च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल बसवला गेला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुरात गेला. अशा भागात हातपंपावर गाडी धुणारे आणि डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचा व्हिडिओ न विचारता काढून त्याला ‘सिंपल लाइफ’ म्हणणारे आपणच.

जिवाचंही तेच. 2022 च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीच्या धबधब्यावर अचानक पाणी वाढलं आणि पर्यटक पलीकडे अडकले. त्यांना काढायला रात्रीच्या अंधारात प्रशासनाची माणसं, गिर्यारोहक आणि गावकरी उतरले. दोराला हात लावणाऱ्या गावकऱ्याची ती रात्र कुठल्या खर्च वाटून घ्यायच्या अ‍ॅपमध्ये टाकायची?

मग येतो लाडका शब्द: ‘अनएक्सप्लोर्ड’. जिथे पिढ्यानपिढ्या नागली, वरई, भात पिकतोय, जिथल्या लोकांचे वनहक्काचे दावे 2006 च्या कायद्यानंतरही कचेऱ्यांमध्ये पडून राहिले, ती जागा कुणाला सापडायची राहिली होती? 2022 च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये घाला’ अशी मागणी केली. रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा यांतलं काहीच धड मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. सापुताऱ्याला जाताना सीमा ओलांडली की आपण ‘काय मस्त रोड आहे यार’ म्हणतो. अलीकडच्या खड्ड्यांतून ज्यांना बाळंतपणाला जावं लागतं, ते हीच तुलना रोज करतात.

आणि अनोळखी तरी कोण? अंबड एमआयडीसीतला कंत्राटी हेल्पर बऱ्याचदा पेठ-सुरगाण्याकडचा असतो आणि चुंचाळ्यात पाच जणांत एक खोली करून राहतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला येणाऱ्या टोळ्या तिकडच्याच. माझ्या गल्लीतल्या टपरीवर चहा देणारा मुलगा सुरगाण्याचा. तो आपलं शहर गल्लीबोळांसकट ओळखतो. त्याच्या गावाचं नाव आपल्याला मॅपवर शोधावं लागतं. अनोळखीपणा एकाच बाजूचा आहे.

ही माणसं आपल्याकडे आली तेव्हा कशी वागली, तेही आठवा. 6 मार्च 2018 ला नाशिकहून किसान लाँग मार्च निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीचे आदिवासी शेतकरी हजारोंनी होते. अंबडला लागून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाने ते सुमारे 180 किलोमीटर चालले. पायांची सालं निघाली होती. 11 तारखेला ते मुंबईत सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण नको म्हणून ते विश्रांती सोडून रातोरात चालले आणि पहाटेपर्यंत आझाद मैदान गाठलं.

अनोळखी मुलुखातून कमी पैशात प्रवास कसा करावा, याचा याहून मोठा धडा मला माहीत नाही. दुसऱ्याच्या घराजवळून जाताना त्याच्या घरात काय चाललंय, याचा त्यांनी विचार केला. आपण मात्र आश्रमशाळेशेजारी रात्री एक वाजता ब्लूटूथ स्पीकर लावतो आणि आवाज कमी करायला सांगणाऱ्या म्हाताऱ्यालाच ‘काका, चिल’ म्हणतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘आम्ही काय श्रीमंत आहोत का? ईएमआय आहे, रूमचं भाडं आहे. रिसॉर्ट परवडत नाही.’ मान्य. रिसॉर्टला जा असं म्हणतच नाही. तिथलाही पैसा पाड्यावर फारसा उतरत नाही. दुसरं उत्तर, ‘पर्यटनाने गावाला रोजगार मिळतो.’ मिळतो, पण पर्यटक पाकीट उघडतो तेव्हा. नुसत्या लोकेशन टॅगने कुणाची चूल पेटत नाही.

तेच हजार रुपये ठेवा, फक्त मार्टमधली पिशवी भरू नका. आदल्या दिवशी फोन करून गावात चार जणांचं जेवण सांगा. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, ठेचा, जे असेल ते खा आणि सांगतील तेवढे पैसे द्या. दीडशेच्या ताटावर वीस रुपये कमी करून घेण्यात कसलाही पराक्रम नाही. बोरगावच्या रस्त्यावर हिवाळ्यात स्ट्रॉबेरी विकायला बसलेल्या बाईशी घासाघीस करू नका, मॉलमध्ये करता का? अंगणात मुक्काम केला तर लॉजचं भाडं समजून पैसे ठेवा. कचरा नाशिकपर्यंत परत आणा, घंटागाडी आपल्याकडे येते. फोटोआधी विचारा, आणि ‘नाही’ म्हटलं तर मोबाइल खिशात घाला.

एवढं करूनही माणशी हजारात ट्रिप होत असेल, तर ती खरोखर स्वस्त. होत नसेल, तर वरचे तीनशे रुपये आजवर कोण भरत होतं, ते कळेल.