समोरचा वारा

मराठीच्या मास्तराने नाद कशाचा करावा याला काही धरबंध आहे की नाही, हा प्रश्न आमच्या अंबडच्या घरात दर आषाढात निघतो. इकडे पंढरीची वाट दिंड्यांनी फुलते, त्याच सुमारास तिकडे फ्रान्समध्ये ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलस्वारांची वारी चालू असते. २३ दिवस, २१ टप्पे, सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटरांची वाट! रात्री नऊच्या सुमारास दिवसाचा टप्पा संपतो. तोवर मी पडद्यासमोरून हलत नाही. सौभाग्यवतींच्या मते, वाचकहो, ही चाळिशी उलटल्याची लक्षणे आहेत.

या वेडाचे खापर मी नाशिकवरच फोडतो. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत, आळीपाळीने सायकल चालवीत, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सारी अमेरिका पार केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत! आपल्या गावची माणसे हे करतात म्हणजे आहे तरी काय, म्हणून चौकशीला गेलो आणि पुरता अडकलो.

धंदेवाईक सायकलशर्यत दिसते तशी एकेकट्याची नसते. टूरमध्ये एका संघात आठ स्वार. बहुधा जिंकायचे एकाने आणि राबायचे इतरांनी. नायकाला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या आणि मुख्य म्हणजे समोरचा वारा आपल्या अंगावर घ्यायचा. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याचे पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. या राबणाऱ्यांना फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ घरगडी!

१९३४ सालच्या टूरमध्ये रने व्हिएत्तो नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता. घाट चढण्यात मोठा पटाईत. पिरेनीज पर्वतात त्याच्या नायकाचे चाक मोडले. पोराने आपले चाक काढून दिले आणि रस्त्याकडेला बसून रडला. दुसऱ्या दिवशी नायक पुन्हा अडला, तेव्हा पुढे गेलेला हा पोरगा उलटा फिरला आणि त्याने आपली सायकलच देऊन टाकली. नायक शर्यत जिंकला. पोरगा पाचवा आला.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. अण्णा रविवार कारंज्याजवळ एका पेढीवर हिशेब लिहीत. संध्याकाळी आम्ही दोघे आपापल्या सायकलींवरून अंबडला परतत असू. मुंबई नाका मागे पडला की आषाढातला वारा छातीवर येई. अण्णा पुढे होत आणि मान न वळवता म्हणत, “माझ्या चाकामागं राहा.” मला वाटे, यांना माझ्याशी बोलायचे नाही. एकदा वर्गातली मुले मोटारसायकलवरून येताना दिसली. पायजम्याला चिमटे लावलेल्या, हँडलला डब्याची पिशवी अडकवलेल्या बापामागे आपण दिसू नये, म्हणून मी जोर मारून पुढे निघालो आणि घर येईपर्यंत मागे पाहिले नाही. अण्णा अर्ध्या तासाने आले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाक्यापाशी पुन्हा पुढे झाले.

आता अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. रात्री माझ्याशेजारी बसून शर्यत पाहतात. यंदा एका घाटात नायकाला ओढत आणणारा स्वार एकाएकी गळाला आणि बाजूला होऊन मागे पडत गेला. अण्णा त्याच्याकडेच पाहत राहिले. मग मी धीर करून त्या संध्याकाळची गोष्ट काढली. अण्णा म्हणाले, “मला नाही आठवत.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “वारा फार होता ना त्या दिवशी? एकटाच पुढं होतास. दमला असशील.”