हँडबॅगेत विसरलेलं बाळ : ऑस्कर वाइल्डच्या नाटकाबद्दल शिक्षक-पालकांशी थोडं



इंग्रजी नाटक म्हटलं की आपण शेक्सपिअरपासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. आज ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' या विनोदी नाटकाबद्दल बोलू या. त्याचा पहिला प्रयोग १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये झाला. गंमत नावातच आहे. 'अर्नेस्ट' हे माणसाचं नाव आणि 'मनापासून गंभीर' या अर्थाचा इंग्रजी शब्द, दोन्हींचा उच्चार एकच!

कथानक

जॅक वर्दिंग गावाकडे फार जबाबदार गृहस्थ. अठरा वर्षांच्या सेसिलीचा तो पालक आहे. मौजेसाठी लंडनला जायला निमित्त हवं, म्हणून त्याने 'अर्नेस्ट' नावाचा एक वाया गेलेला धाकटा भाऊ रचलाय. लंडनमध्ये मात्र तो स्वतःच अर्नेस्ट म्हणून वावरतो. त्याचा मित्र अल्जर्ननही काही कमी नाही. नको असलेलं जेवणाचं आमंत्रण आलं, की त्याचा बनबरी नावाचा मित्र आजारी पडतो. हा बनबरी कधी जन्मालाच आलेला नाही!

अल्जर्ननची मावसबहीण ग्वेंडोलेन जॅकशी लग्नाला तयार आहे, पण तिला नवरा 'अर्नेस्ट' नावाचाच हवा. सेसिलीचंही तेच. मग अल्जर्नन अर्नेस्ट बनून गावी पोचतो आणि त्याच दिवशी जॅक काळे कपडे घालून 'भाऊ वारला' असं सांगत येतो. मेलेला भाऊ तर घरात पाहुणा! पुढचा गोंधळ तुम्ही वाचाच.

पात्रं

लेडी ब्रॅकनेल, म्हणजे ग्वेंडोलेनची आई, वही-पेन्सिल घेऊन जॅकची मुलाखत घेते. वय किती, उत्पन्न किती, घर कुठल्या रस्त्यावर? सगळं ठीक चाललेलं असतं. मग आईवडिलांचा प्रश्न येतो आणि जॅक सांगतो, की तान्हा असताना तो व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हँडबॅगेत सापडला. झालं, स्थळ बाद! हीच बाई नंतर सेसिलीकडे जरा तुच्छतेने बघत असते. तिच्या नावावर एक लाख तीस हजार पौंड आहेत असं कळताच तिला तीच मुलगी अचानक गुणी वाटू लागते.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं पात्र मात्र मिस प्रिझम, सेसिलीची शिक्षिका. ती जर्मन व्याकरणाचा आग्रह धरते. अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं रुपयाच्या घसरणीचं प्रकरण मात्र गाळायला सांगते, कारण ते म्हणे फार सनसनाटी आहे! हा आपलाच रुपया, बरं का. तेव्हा चांदीचे भाव पडल्याने तो खरोखरच घसरत होता आणि १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या होत्या. म्हणजे पुस्तकातला जो भाग खऱ्या जगाला भिडतो, बाई नेमका तोच वगळतात.

शेवटी कळतं, की अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाळाला बाबागाडीतून फिरवायला नेलेल्या याच बाईंनी स्वतःच्या कादंबरीचं हस्तलिखित बाबागाडीत ठेवलं आणि बाळ हँडबॅगेत! ते बाळ म्हणजे जॅक.

माझं मत

हे नाटक शिकवून झालं, की आपण फळ्यावर तात्पर्य लिहितो : खोटं बोलू नये. मला हे पटत नाही. नाटकातच ते टिकत नाही. जॅकचं खरं नाव अर्नेस्टच निघतं आणि अल्जर्नन त्याचा खरा धाकटा भाऊ ठरतो. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होतच नाही.

मग नाटक काय सांगतं? जिथे गंभीरपणा फक्त दाखवायचा असतो, तिथे माणसं बनबरी तयार करतात. सेसिलीच बघा. गंभीर पालक, गंभीर शिक्षिका. मग तिने डायरीत अर्नेस्टशी साखरपुडा उरकला आणि त्याची पत्रंही स्वतःच लिहिली. 'पोट दुखतंय' म्हणून शाळा बुडवणारं मूलही एक छोटा बनबरीच सांगत असतं. त्याला खोटारडा म्हणण्याआधी, खरं बोलायची जागा आपण ठेवली होती का, हे विचारायला नको? दुहेरी आयुष्याची किंमत वाइल्डने स्वतः मोजली. पहिल्या प्रयोगानंतर चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा २५ मे १८९५ रोजी समलैंगिक संबंधांच्या खटल्यात त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

आणि मिस प्रिझमला हसताना मला दरवेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. पोर्शन वेळेत संपवला, वह्या तपासल्या, नोंदी भरल्या. हस्तलिखित बाबागाडीत व्यवस्थित आहे. पण मागच्या बाकावरचं ते न बोलणारं मूल कुठे ठेवलंय आपण? पालकांनाही हेच विचारावंसं वाटतं. गुणपत्रिका जपून फाइलला लावली, पण मूल?

वर्गात घ्यायचं तर लेडी ब्रॅकनेलच्या मुलाखतीपासून सुरुवात करा. दोन मुलांना वाचू द्या, बाकीच्यांना हसू द्या. मग एवढंच विचारा : जॅकला खोटं का बोलावं लागलं? उत्तरं ऐकताना आपण मध्ये बोलायचं नाही, एवढं मात्र पाळा.