कायदा सर्वांना सारखा?

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी 'उत्पादन खर्च' हे प्रकरण शिकवताना सरांनी फळ्यावर सरासरी स्थिर खर्चाची वक्ररेषा काढली होती. डावीकडे उंच आणि उजवीकडे जमिनीला टेकत गेलेली. उत्पादन वाढते तसतसा स्थिर खर्च अधिक नगांवर वाटला जातो, असे सर म्हणाले आणि आम्ही ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. परीक्षेत तो प्रश्न आलाही. त्या रेषेचा आपल्या घराशी काही संबंध असेल असे मला तेव्हा वाटले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत उरण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो असता माळा साफ करताना प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे एक गाठोडे हाती लागले. कोऱ्या, छापील, एक किलोच्या पिशव्या. वर ठळक अक्षरांत 'आयोडीनयुक्त मीठ' आणि खाली आमच्या आजोबांच्या आगराचे नाव. किमान चारेक हजार तरी असतील. मी आजोबांना विचारले, "हे काय?" ते हसले आणि म्हणाले, "त्या काय, आपल्या मिठाची लग्नपत्रिका. लगीन झालंच नाय." मग त्यांनी जे सांगितले त्यातून हा लेख सुचला.

आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर, आणि आमचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. आजोबांचे आगर दहा एकरांच्या आतले, तेही खंडाने घेतलेले. पावसाळा सरला की फुटलेले बांध घालायचे. उधाणाच्या भरतीला उघाडीतून पाणी आत घ्यायचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे उन्हात घट्ट करत न्यायचे. शेवटच्या वाफ्याची जमीन बायामाणसांनी पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखी केलेली असते. तिच्यावर मीठ धरले की लाकडी फळीने ओढून बांधावर रास घालायची. जानेवारी ते मे हा हंगाम, आणि वळवाचा एक पाऊस लवकर आला की महिन्याची मेहनत पुन्हा खाडीत. हे मीठ जाड, किंचित करड्या रंगाचे, दमट असते. ते पोत्यांत भरून तालुक्याच्या पेठेत जाई, तेथून घरोघर. विक्रीला लागे एक तराजू आणि एक माप.

आता कायद्याकडे वळतो. हा कायदा कोणा दुष्ट माणसाने केलेला नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाने गावेच्या गावे ग्रासलेली होती. १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीन घातलेले मीठ पुरवले आणि एका भागात साधेच ठेवले. आयोडीनच्या भागात गलगंड झपाट्याने उतरला. १९६२ साली त्यावरून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे कळत गेले की प्रश्न फक्त गळ्याच्या गाठीचा नाही. गरोदर बाईला आयोडीन कमी पडले तर पोटातल्या मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. आणि तो प्रश्न डोंगराळ भागापुरताही नाही. आमच्याकडे अजून पुष्कळ लोक म्हणतात की समुद्राच्या मिठात आयोडीन आपोआप असते. हे खरे नाही. समुद्राच्या साध्या मिठात ते नसल्यातच जमा असते. मी हे आजोबांना सांगितले तेव्हा ते काही वेळ गप्प बसले.

१९८३ साली खासगी कारखानदारांना आयोडीनयुक्त मीठ तयार करण्याची मुभा मिळाली. टाटांचे पाकीटबंद मीठ बाजारात आले तेही त्याच वर्षी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर देशभर बंदी आली. २००० साली ती उठवण्यात आली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम अवैध ठरवला. भेसळ रोखण्यासाठी केलेल्या कायद्याखाली साध्या मिठाला, जे भेसळही नव्हे आणि विषही नव्हे, बंदी घालता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. परंतु न्यायालयाने बंदी सहा महिने चालू ठेवायला परवानगी दिली आणि त्याच वर्षी नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत तीच बंदी पुन्हा आली. निकाल जिंकणाऱ्यांच्या पदरात काय पडले, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सांगावे.

त्या काळी नियम असा होता की कारखान्यातून निघताना मिठात दहा लाख भागांस तीस भाग आयोडीन हवे आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडताना किमान पंधरा. मी आकडेमोड करून पाहिली. त्यासाठी एक टन मिठाला जेमतेम पन्नास ग्रॅम पोटॅशियम आयोडेट पुरते. पन्नास ग्रॅम! म्हणजे प्रश्न औषधाचा नव्हता. आजोबांचे आगर त्या पन्नास ग्रॅमने बुडाले नाही.

मग कशाने बुडाले? ते औषध घातले आहे हे सिद्ध करण्याच्या खर्चाने. सुटे पोते चालणार नव्हते, पाकीट हवे. पाकिटावर नाव, पत्ता, वजन, महिना, किंमत सारे छापलेले हवे. छापखानेवाला पाच हजारांच्या खाली पिशव्या छापायला तयार नव्हता. पिशवीचे तोंड बंद करायला यंत्र आले. नमुना तपासायला शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, त्याचे पैसे वेगळे आणि जाण्यायेण्यात बुडालेला दिवस वेगळा. नोंदवही ठेवायची, आणि ती लिहिणारा माणूस घरात एकच, म्हणजे माझे वडील, जे त्या वेळी फळी ओढायलाही तेच होते. इतके करून नमुना तपासून आला तो नापास. कारण मीठ दमट होते, आणि दमट मिठात आयोडीन टिकत नाही, पाण्याबरोबर पाझरून जाते. मीठ धुऊन वाळवायला हवे. त्यासाठी आणखी एक यंत्र हवे. येथे आजोबांनी हात टेकले.

हा सारा खर्च एका हंगामाच्या मिठावर पडला. मोठ्या कारखान्याकडेही हेच सर्व असते: तीच प्रयोगशाळा, तोच छापील मजकूर, तीच नोंदवही. फक्त त्याच्याकडे तो लाखो पाकिटांवर वाटला जातो आणि पाकिटामागे काही पैसेसुद्धा पडत नाहीत. सरांची वक्ररेषा ती हीच. कारखाना तिच्या उजव्या टोकाला आरामात टेकलेला आणि आमचे आगर डावीकडच्या कड्यावर. सरकारने दोघांकडून एक पैसाही कमीजास्त मागितला नव्हता. नंतरच्या अन्नसुरक्षा नोंदणीची फी तर छोट्या धंद्याला वर्षाला अवघी शंभर रुपये ठरली. फी कोणालाच जड नसते. जड असते ते फीच्या मागून येणारे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आजोबांच्या दारात कोणी अधिकारी कधी आलाच नाही. त्यांना नाही म्हणाला तो पेठेतला व्यापारी. वीस वर्षांचा संबंध असलेला तो माणूस म्हणाला, "बाबा, मला कोर्टाची पायरी नको. पाकीट असेल तर ठेवतो." एक तपासनीस पेठेतून चक्कर मारून गेला, एवढे पुरले. नियम असा हाताहातांतून खाली येतो, आणि प्रत्येक हात आपल्यापुरते थोडे अधिक सावध होऊन पुढे ढकलतो. वाहतुकीचेही तसेच. रेल्वेने आयोडीनयुक्त मिठाला वाहतुकीत वरचा अग्रक्रम दिला, हे चांगलेच झाले; पण मालगाडी भरायची तर हजारो टन मीठ एका जागी हवे. तेवढे मीठ गुजरातच्या अफाट आगरांत असते, आमच्या खाडीकाठी नसते.

कोणी म्हणेल की आगरे काय फक्त आयोडीनने गेली? नाही गेली. सिडकोने जमिनी घेतल्या, न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, बांध फुटले ते पुन्हा कोणी घातले नाहीत, तरुण पोरे कंटेनरच्या यार्डात कामाला लागली. हे सर्व खरे आहे. गोव्यात आगरवाड्याला, हडफड्याला हीच तक्रार ऐकू येते, आणि तेथेही कारण एकच नाही. परंतु जे आगर जमीन, मजूर आणि पाऊस या तिघांशी झुंजत कसेबसे उभे आहे, त्याच्या बाबतीत चौथे ओझे किती किलोचे हा प्रश्न गौण ठरतो.

या प्रश्नावर दोन टोकांची भाषणे मी ऐकली आहेत. एक म्हणते, १९३० साली शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, आणि आज स्वतंत्र भारतात आपलेच सरकार मीठ विकू देत नाही. ऐकायला हे बरे वाटते. पण मला ही तुलना मान्य नाही. इंग्रजांचा कायदा तिजोरी भरण्यासाठी होता; हा मुलांच्या डोक्यासाठी आहे. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निम्म्याच्या आसपास घरांतच पुरेसे आयोडीन असलेले मीठ आढळले होते. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात आयोडीनयुक्त मीठ वापरणारी घरे ९३ टक्के निघाली. मोजमाप थोडे वेगळे असले तरी हा फरक डोळ्यांआड करता येत नाही. दुसरे भाषण म्हणते, लहानांना सूट द्या, सुटे मीठ विकू द्या. म्हणजे ज्या गरिबाला चार पैशांनी स्वस्त मीठ हवे आहे, त्याच्याच मुलाला आयोडीन नको? माझ्या आजोबांचा धंदा वाचावा म्हणून शेजारच्या कातकरी वाडीतल्या मुलाने किंमत द्यावी, हे मी कसे मागू?

सूट मागायची नाही. मागायचे आहे ते वेगळेच, आणि त्यासाठी परदेशी ग्रंथ चाळावे लागत नाहीत. आपल्याकडे दुधाचे काय होते ते पाहावे. कोल्हापूरकडे एका म्हशीचा मालक सकाळी दोन लिटर दूध घेऊन संस्थेत जातो. फॅट तेथे तपासले जाते, थंड तेथे केले जाते, पिशवीत भरले जाते ते संघाच्या डेअरीत. त्या शेतकऱ्याला कोणी म्हणत नाही की आधी स्वतःची प्रयोगशाळा काढ आणि मग दूध काढ. दुधाचा दर्जा राखला जातो आणि म्हैसही त्याच्याच गोठ्यात राहते. नियम कोठे लावायचा, गोठ्यावर की संकलन केंद्रावर, एवढाच फरक.

उरण-पेणच्या पट्ट्यात असे एक केंद्र निघाले असते, जेथे दहा-वीस आगरांचे मीठ धुऊन, वाळवून, पन्नास ग्रॅम आयोडेट मारून पाकिटात भरले गेले असते, तर आजोबांना फळी ओढण्यापलीकडे काहीच करावे लागले नसते. आयोडीनसाठी मीठ विकायला कायद्याने कधीच बंदी नव्हती. साधे मीठ आयोडीन घालण्यासाठी दुसऱ्याला देता येत होते. वाट होती, फक्त तिच्या दुसऱ्या टोकाला कोणी उभे नव्हते. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे 'उत्पादक' म्हणून जे चित्र होते त्याला कचेरी होती, टंकलेखक होता आणि छापील शिरोनामा होता. आमच्या आगरी लोकांचेही येथे चुकले हे मी नाकारत नाही. सहकारी संस्था काढायची तर भावकीचे वाद आडवे येतात आणि खंडाच्या जमिनीवर भांडवल घालायला कोणी धजत नाही. पण अन्नसुरक्षेचा खर्च शेवटी समाजाच्या फायद्यासाठी आहे, तर त्यातला सिद्ध करण्याचा भाग तरी समाजाने उचलावा, हे मागणे मला अवाजवी वाटत नाही.

आजोबांनी २०१० च्या सुमारास आगर सोडले. शेजारचे एक आगर मात्र अजून चालते. त्याचे मीठ बर्फाच्या कारखान्यात जाते, सुकट खारवायला जाते आणि थोडे पेठेत येते. दुकानदाराने त्या पोत्याला पुठ्ठ्याची पाटी लावली आहे: 'जनावरांसाठी'. परवा मी आजीबरोबर बाजारात गेलो होतो. तिने आयोडीनचे एक पाकीट घेतले आणि मग त्या पोत्यापाशी थांबून दोन किलो मीठ मागितले. दुकानदाराने काही विचारले नाही. आमच्याकडे जनावर नाही, हे त्याला ठाऊक आहे. आजीच्या मते पाकिटातल्या मिठाने कैरीचे लोणचे टिकत नाही.