रात्रपाळी चुकवण्यासाठी?

वॉर्डमधली एखादी सिस्टर एमएस्सी करून नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली, की तिच्याविषयी सगळे एकच निदान करतात: नाइट ड्यूटीला कंटाळली. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. घरी लहान मूल असलेल्या बाईला ठरल्या वेळेची नोकरी हवीशी वाटणारच, आणि त्यात कमीपणा कसला? पण एखाद्या निर्णयाचा फायदा होणे वेगळे आणि त्या फायद्यासाठीच तो निर्णय घेणे वेगळे. रात्रपाळीच चुकवायची असती तर ओपीडीतली बदली किंवा विमा कंपनीतले दाव्यांच्या छाननीचे काम जवळचे होते. पैसाच हवा असता तर आखात होते. शिकवण्याची वाट मात्र लांबची. बीएस्सीची ४ वर्षे, मग किमान वर्षभराचा अनुभव, मग एमएस्सीची २ वर्षे. जीएनएम ही पदविका झालेलीला मध्ये पोस्ट बेसिक बीएस्सीची आणखी २. एवढे करून कित्येक खासगी कॉलेजांत हाती पडणारा पगार सरकारी अधिपरिचारिकेपेक्षा कमीच. शिवाय वॉर्ड सुटला म्हणावे तर तोही सुटत नाही, कारण विद्यार्थिनींचे पोस्टिंग असेल तिथे ट्यूटरला उभे राहावेच लागते. इतका तोट्याचा व्यवहार नुसत्या झोपेसाठी कोणी करत नाही.

मग ही ओढ येते कुठून? माझ्या मते ती वॉर्डातच जन्माला येते. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचे आहे, सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. हे गणित नव्या मुलीने परीक्षेत बरोबर सोडवलेले असते. वॉर्डात मात्र कामे तुंबलेली असतात, सलाईन लावायला उशीर झालेला असतो, म्हणून ती नळीवरचे चाक सैल सोडते. कॉटवर हृदय कमकुवत झालेले आजोबा असतील, तर तेच पाणी फुप्फुसांत साठून त्यांना धाप लागू शकते, हे तिच्या लक्षातही येत नाही. जुनी सिस्टर पुढे होते, चाक आवळते, घड्याळ धरून थेंब मोजते. त्या पाळीत, त्या एका रुग्णापुरती चूक टळते. पुढच्या बॅचला दुसरी मुलगी, चूक तीच. हे वर्षानुवर्षे पाहणारीला वाटू लागते की ही दुरुस्ती कॉटपाशी पोचण्याआधीच झाली पाहिजे. तिचे शिकवणे हा तिच्या रुग्णसेवेचाच पुढचा भाग असतो.

‘जिला हाताने जमत नाही ती शिकवते’ हा आक्षेप रात्रपाळीच्या टोमण्याहून बोचरा. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये आलेल्या ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ या पुस्तकात दाखवले की मुरलेली परिचारिका नियम आठवत बसत नाही. रुग्णाकडे पाहताच काहीतरी बिघडते आहे हे तिला उमगते. कसे उमगले ते मात्र तिला चटकन सांगता येत नाही. शिक्षिकेला नेमके तेच सांगायचे असते. सवयीने होऊन जाणाऱ्या कामाची तिला पुन्हा पायरीपायरीने उकल करावी लागते. जिला ते कधी आलेच नाही, ती उकल कशाची करणार? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुढाकाराने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा निघाली, तेव्हाही विद्यार्थिनींना प्रत्यक्ष काम शिकवले ते वॉर्डमधल्या सिस्टरांनीच.

आता, पास होताच क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून उभ्या केलेल्या मुलीही आपल्याकडे आहेत, हे खरे. पण तो दोष नेमणुकांचा. त्यावरून शिकवण्याच्या ओढीचे मोल ठरवू नये. उलट ही ओढ पळवाट समजली जाते म्हणूनच कॉलेज आणि रुग्णालय यांच्यात भिंत उभी राहते. शिकवणारीला वॉर्डात अधिकार नाही, इन्चार्ज सिस्टरला वर्गात बोलावणे नाही, आणि विद्यार्थिनी दोघींच्या दोन पद्धतींत अडकते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या परिचारिकांवर रुग्णसेवेचीही जबाबदारी असते. आपल्या सरकारी कॉलेजांतही पाठ्यनिर्देशिकेकडे, म्हणजे ट्यूटरकडे, वॉर्डातल्या काही खाटा सोपवाव्यात, अनुभवी अधिपरिचारिकांना अधिक संख्येने पगारी रजेवर एमएस्सीला पाठवावे, आणि खासगी कॉलेजाला मान्यता देताना इमारतीबरोबर शिकवणाऱ्यांच्या पगाराची पत्रकेही तपासावीत.