सर्व्हर एकवटले, उत्तरदायित्वाचे काय?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस गोदावरीला महापूर आला आणि पैठणच्या नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले. विसर्ग किती क्युसेक आहे, तो आणखी वाढणार काय, नदीकाठच्या कोणत्या वस्त्यांनी सावध राहावे, ही माहिती वेळोवेळी जाहीर होत राहिली. पूर ओसरल्यावर ७ ऑक्टोबर रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत घोषित केली. ही मदत बांधावरून बँकखात्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र पूर्वीसारखा कागदांतून जाणारा राहिलेला नाही. सातबारा, ई-पीक पाहणीतील नोंद, शेतकरी ओळख क्रमांक, आधारची पडताळणी आणि अखेर बँक अशी ही साखळी आहे. तिची प्रत्येक कडी कोणत्या ना कोणत्या सर्व्हरवर अवलंबून आहे आणि त्यांपैकी एकही सर्व्हर पैठणमध्ये नाही.

धरणाचे दरवाजे उघडले की गावाला कळते. सर्व्हर बंद पडला की फक्त 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच ऐकू येते. का, कधीपासून, कुठवर आणि कोणामुळे, या प्रश्नांना खिडकीपलीकडे उत्तर नसते. वास्तविक ही सर्व उत्तरे सर्व्हरचे केंद्रीय व्यवस्थापन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिनिट-सेकंदासह नोंदविलेली असतात. ती नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरच थांबतात, हा आजच्या ई-शासनातील खरा प्रश्न आहे.

तालुक्यातून केंद्राकडे

राज्यातील जमीन नोंदींचे संगणकीकरण सुरू झाले तेव्हा माहितीचा साठा तहसील कार्यालयांतील संगणकांवर, तालुक्यापुरता असे. मुद्रांक व नोंदणी विभागाच्या २००२ च्या सुमारास आलेल्या 'सरिता' प्रणालीतही प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयाचा कारभार त्या-त्या कार्यालयातील यंत्रावरच चाले. या रचनेचा एक फायदा होता. एका ठिकाणचे यंत्र बिघडले, तर शेजारच्या तालुक्याचे काम अडत नसे. तोटे मात्र अनेक होते. वीज बेभरवशाची, वातानुकूलन नाममात्र, जाणकार मनुष्यबळ नाही आणि माहितीची दुसरी प्रत कोणी, कधी घेतली याचा पत्ता नाही. राज्यात ३५८ तालुके आहेत. तेवढ्या ठिकाणी सुरक्षेच्या त्रुटी वेळेवर बुजविणे कोणत्याही खात्याच्या आवाक्यात नव्हते.

त्यामुळे एकत्रीकरण अपरिहार्य होते. २००६ च्या राष्ट्रीय ई-शासन आराखड्यात राज्यांच्या डेटा सेंटरची कल्पना मांडली गेली. पुढे महाराष्ट्राचे डेटा सेंटर उभे राहिले, नोंदणी विभागात केंद्रीय पद्धतीची 'आय-सरिता' आली, ई-फेरफार प्रणालीने जमिनीच्या नोंदी एका छत्राखाली आणल्या आणि मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवरून थेट केंद्रीय साठ्यात जाऊ लागली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा बळी गेला आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली जळाल्या. कागद एकाच इमारतीत ठेवण्याचा धोका त्या दिवशी राज्याने पाहिला. तेव्हा माहिती संगणकात आणि सुरक्षित केंद्रात असावी, याविषयी आता दुमत होण्याचे कारण नाही. वाद आहे तो त्या केंद्राच्या कारभाराविषयी.

एका पडद्यावर शेकडो यंत्रे

डेटा सेंटरमध्ये शेकडो सर्व्हर उंच मांडण्यांमध्ये रचलेले असतात. प्रत्येक यंत्रापुढे एक माणूस बसविणे शक्य नाही. म्हणून आजच्या सर्व्हरमध्ये मुख्य संगणकाहून वेगळी अशी एक छोटी नियंत्रक चिप असते. मुख्य यंत्र बंद असले तरी ती जागी असते. तापमान, पंख्यांचा वेग, वीजपुरवठा आणि डिस्कची प्रकृती यांवर ती लक्ष ठेवते आणि दूर बसलेल्या अभियंत्याला यंत्र बंद-चालू करू देते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांशी एकाच भाषेत बोलता यावे यासाठी १९९८ मध्ये 'आयपीएमआय' हे मानक आले. २०१५ मध्ये त्याहून आधुनिक असे 'रेडफिश' आले. केंद्रीय व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर या सगळ्या चिपांकडून माहिती गोळा करून ती एका पडद्यावर मांडते.

ते बसविणे हे काही तासांचे काम वाटते. प्रत्यक्षात तो कारभाराचा प्रश्न असतो. प्रथम जाळ्यावरील सर्व यंत्रे शोधून त्यांची यादी करावी लागते. या टप्प्यावर अनेकदा कोणाच्याही नोंदवहीत नसलेली जुनी यंत्रे सापडतात. मग त्यांचे गट पाडायचे. जमीन नोंदींची यंत्रे वेगळी, कोषागाराची वेगळी, चाचणीची वेगळी. नंतर मर्यादा ठरवायच्या. डिस्क किती भरली की सूचना द्यायची, ती कोणाला द्यायची आणि त्याने ठरावीक वेळेत दखल घेतली नाही तर कोणाला कळवायचे? या मर्यादा निष्काळजीपणे ठेवल्या, तर दिवसाला हजारो सूचना येतात आणि खरी धोक्याची सूचना त्या गर्दीत हरवते. अखेरचा भाग सुधारणांचा. नवे सॉफ्टवेअर एकाच वेळी सर्व यंत्रांवर न चढविता आधी चाचणीच्या यंत्रांवर, मग थोड्या यंत्रांवर आणि नंतर उरलेल्यांवर असे टप्प्याटप्प्याने द्यावे लागते.

हे सर्व नीट झाले, तर बिघाड होण्याआधीच त्याची चाहूल लागते. डिस्क निकामी होण्यापूर्वी बदलता येते, कर्जाच्या किंवा पीकविम्याच्या मुदतीच्या दिवसांत वाढणारा भार आधीच्या वर्षांच्या नोंदींवरून ओळखता येतो आणि तेवढ्यापुरती यंत्रे वाढविता येतात. शेवटच्या तारखेला संकेतस्थळ कोलमडणे हा दैवयोग नसतो. ती तारीख शासनानेच ठरविलेली असते.

एक किल्ली, सर्व कुलपे

ज्या पडद्यावरून शेकडो यंत्रे सुधारता येतात, त्याच पडद्यावरून ती बिघडविताही येतात. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी अशाच एका देखरेखीच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेत आपला कोड मिसळला होता. ती सुधारणा सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेली आणि त्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. तेथे घुसखोर नव्हता, केवळ टप्प्याटप्प्याने जाण्याचा नियम पाळला गेला नव्हता. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

देशातले अनुभवही बोलके आहेत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला. रुग्णालयाचे कामकाज सुमारे दोन आठवडे कागदावर चालवावे लागले. जाळ्याचे कप्पे योग्य रीतीने वेगळे केलेले नव्हते, असे कारण नंतर संसदेत देण्यात आले. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवठादार कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला होताच देशभरातील सुमारे ३०० लहान बँका देयक व्यवस्थेपासून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. त्यांत सहकारी व ग्रामीण बँका होत्या, म्हणजे ज्यांच्या खिडकीवर शेतकरी उभा असतो अशाच बँका.

सर्वांत मोठा इशारा मात्र दक्षिण कोरियाने दिला. पैठणमध्ये गोदावरी चढत होती त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, देजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती केंद्रात लिथियम बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारच्या ७०९ प्रणाली एकाच वेळी बंद झाल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात होती, तो ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती, कारण साठा फार मोठा म्हणून ती घेतली गेली नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा आहे.

या उदाहरणांवरून पुन्हा तालुक्याच्या यंत्रांकडे वळावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. विखुरलेली यंत्रे अधिक सुरक्षित नव्हती. त्यांचे अपघात लहान होते, म्हणून बातमी होत नव्हते एवढेच. केंद्रीकरण करणाऱ्याने अपघाताचा आकारही स्वीकारायचा असतो आणि त्या प्रमाणात तयारी ठेवायची असते, हा या घटनांचा खरा बोध आहे.

नाथसागराचा धडा

ही तयारी कशी असावी हे समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९६५ मध्ये पायाभरणी झालेले आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेले जायकवाडी धरण हेही केंद्रीकरणच आहे. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून येणारे पाणी येथे एका जागी अडते. एकूण साठवण क्षमता सुमारे १०२ अब्ज घनफूट आणि दरवाजे २७. त्यांपैकी नऊ आपत्कालीन म्हणून राखून ठेवलेले. ऑगस्ट २००६ च्या पुरात येथून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि पैठण शहरात पाणी शिरले. एवढ्या मोठ्या साठ्याखाली राहणाऱ्या शहराने आणि ते सांभाळणाऱ्या खात्याने काही रीती अंगवळणी पाडून घेतल्या आहेत. वरच्या धरणांतील पाण्याची नोंद आधी मिळते, दरवाजे टप्प्याटप्प्याने उचलले जातात, विसर्गाचा आकडा जाहीर होतो आणि काठावरच्या गावांना आधी इशारा जातो.

राज्याच्या सर्व्हरविषयी यांपैकी पहिल्या दोन गोष्टी व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर करू शकते. उरलेल्या दोन, म्हणजे आकडा जाहीर करणे आणि इशारा देणे, या प्रशासकीय इच्छाशक्तीच्या आहेत. कोणती सेवा चालू, कोणती मंद, कोणती बंद, कधीपासून बंद आणि अंदाजे कधी सुरू होणार, हे सांगणारे एक साधे सार्वजनिक पान प्रत्येक तहसील कार्यालयाच्या फलकावर दिसू शकते. त्यासाठी नवी यंत्रणा नको. नियंत्रण कक्षातील माहितीच बाहेर वळवायची आहे. सुरक्षेचे कारण येथे पुढे करता येणार नाही. सेवा बंद आहे हे जाहीर केल्याने घुसखोराला काही नवे कळत नाही. खिडकीवरच्या माणसाला मात्र हेलपाटा वाचतो.

दंड कोणाला?

याला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक आहे आणि विनाकारण कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा झाला तेव्हा कसूर म्हणजे टेबलावर अडलेली फाईल, हे चित्र डोळ्यांपुढे होते. आज फाईल टेबलावर नसते. यंत्र तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, ताब्यात नाही; तहसीलदाराच्याही नाही. तरीही रोष त्यांच्यावर निघतो. 'सर्व्हर डाऊन' हे कारण खरे असेल तर ते कर्मचाऱ्याचे संरक्षण ठरावे आणि खोटे असेल तर ते उघडे पडावे. दोन्ही गोष्टी सार्वजनिक नोंदीनेच शक्य आहेत. अशी नोंद असेल, तर जेवढे तास सेवा बंद तेवढी मुदतवाढ आपोआप देण्याचा नियमही करता येईल. आज मुदतवाढीसाठी निवेदने द्यावी लागतात आणि घोषणेची वाट पाहावी लागते.

पैठण तालुक्यातच या प्रश्नाचे पुढचे रूप आकार घेत आहे. याच तालुक्यातील बिडकीन येथील औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. शेंद्रा आणि बिडकीन मिळून होणाऱ्या 'ऑरिक' या औद्योगिक शहराची कल्पनाच पाणी, वीज, रस्ते आणि कॅमेरे एका नियंत्रण कक्षातून सांभाळण्याची आहे. कारखान्यांशी करार करताना वीज किती तास अखंड असेल, बिघाड किती वेळात दुरुस्त होईल, याच्या अटी घातल्या जातात. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहत आहे, त्यांच्या सातबाऱ्यासाठी अशी कोणतीही अट त्यांना ठाऊक नसते. गुंतवणूकदाराला सेवेची हमी आणि नागरिकाला 'उद्या या' हा भेद टिकणारा नाही.

सर्व्हरचे केंद्रीकरण ही आता मागे फिरविता न येणारी वाट आहे. दुसऱ्या शहरात माहितीची जिवंत प्रत, ती खरोखर चालते की नाही याची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष रंगीत तालीम, व्यवस्थापनाच्या जाळ्याला इतरांपासून वेगळा कप्पा आणि सेवेच्या स्थितीची उघड नोंद, एवढ्या चार गोष्टी शासनाने पाळल्या तर ही वाट सुरक्षित होईल. त्यांतील पहिल्या तिन्हींना पैसा आणि मनुष्यबळ लागते. चौथीला केवळ पडद्याचे तोंड लोकांकडे वळवावे लागते आणि सुरुवात तेथूनच करणे सर्वांत सोपे आहे.