पॉइंट घासून मोटार वाचत नाही

शहादा, तळोद्याकडे केळी-पपईला पाण्याची पाळी असते आणि नेमका स्टार्टर धरत नाही. पेटी उघडावी तर पॉइंट काळे. शेतकरी पॉलिश पेपरने घासतो, मोटार चालू होते. चार दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी मोटार जळते, भरायला न्यावी लागते आणि उभे पीक सुकते. दोष नुसता लाइटीचा आहे काय?

पॉइंट उघडताना फटीतल्या तापलेल्या हवेतून वीज क्षणभर वाहतच राहते. हीच ठिणगी. आपली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. तेवढ्यात पॉइंट पुरेसे दूर गेले तर ठिणगी विझते. म्हणून चांगल्या स्टार्टरमध्ये जोरदार स्प्रिंग असते, प्रत्येक फेज दोन जागी तुटतो आणि पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूची टिकली असते. पॉलिश पेपरने आपण ही चांदीच झाडून टाकतो!

खरा घात कमी व्होल्टेजचा. मानकाप्रमाणे कॉइलने ८५ टक्के व्होल्टेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टची कॉइल असेल तर सुमारे ३५३ व्होल्टवर, घट्ट पकडले पाहिजे. पण लाइट येताच ऑटो स्विचमुळे डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळते, कॉइल थरथरते, पॉइंट उघडझाप करतात आणि दर वेळी ठिणगी पडते. पॉइंट चिकटले तर लाल बटण दाबूनही मोटार थांबत नाही. एक पॉइंट जळून गेला तर मोटार दोन फेजवर घुमत राहते आणि जळते.

तेव्हा शेतकरी बांधवांनो, नुसत्या काळेपणाला भिऊ नका. टिकली झिजली असेल तर लाइन बंद करून, जाणत्या वायरमनकडून तिन्ही फेजचे पॉइंट स्प्रिंगसह बदला. स्वस्तातले नकली पॉइंट घेऊ नका. एका डीपीवरच्यांनी बसून ठरवावे: ऑटोला टायमर लावायचा आणि कुणाची मोटार एका मिनिटाने, कुणाची दोन मिनिटांनी उठेल असे करायचे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावच्या पाणीपुरवठ्याच्या स्टार्टरचीही तपासणी करून नोंद ठेवावी.

अर्थात सारे शेतकऱ्याच्याच माथी मारून चालणार नाही. १ जुलै १९९८ रोजी जिल्हा झाला, त्याला पंचवीस वर्षे उलटली. डीपीवर झेपेल तेवढाच भार आणि शेवटच्या खांबापर्यंत पुरे व्होल्टेज देणे हे वीज कंपनीचे काम आहे. मोटारीचे व्होल्टेज लिहून ठेवा आणि ते आकडे ग्रामसभेत मांडा. तोंडी तक्रार हवेत विरते, आकडा कागदावर राहतो.