एकाला किमान दहा हजार, दुसऱ्याला हजार : पेन्शनमध्ये एवढी तफावत का?

एकाच गल्लीत दोन निवृत्त कर्मचारी राहतात. एक सरकारी खात्यातला, दुसरा साखर कारखान्यातला. दोघांनीही उभं आयुष्य नोकरीत घातलं. पण महिन्याच्या सुरुवातीला बँकेचा मेसेज आला की फरक कळतो.

सरकारी नोकरांनी पेन्शनसाठी मोठी लढाई केली. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले. पुढे केंद्राने युनिफाइड पेन्शन योजना आणली. त्यात २५ वर्षे सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि १० वर्षे सेवा असेल तर किमान १० हजार रुपये. वर महागाई भत्ता. राज्य मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये ही योजना स्वीकारली.

कारखाने, सूतगिरण्या, खासगी कंपन्यांतल्या कामगारांना मात्र ईपीएस-९५ लागू आहे. १९९५ ची ही योजना. इथे किमान पेन्शन ठरली १ हजार, तीही सप्टेंबर २०१४ पासून. महागाई भत्ता नाही. म्हणजे गॅस, औषधं महागली तरी आकडा जागेवरच.

पेन्शन इतकी कमी का बसते? आपल्या पगारातून कापलेले १२ टक्के सगळे पीएफमध्ये जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के तेवढे पेन्शन फंडात. तेही २०१४ ला ठरलेल्या १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये. हिशोब असा : सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. साडेदहा हजार पगार आणि १० वर्षे सेवा असेल तर हाती दीड हजार.

किमान साडेसात हजार आणि महागाई भत्ता द्या, ही पेन्शनरांची मागणी जुनी आहे. बुलढाण्यातून या लढ्याला बळ मिळालं. पण सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला की कार्यालयं बंद पडतात. सत्तरीतल्या म्हाताऱ्याने काय बंद पाडायचं? खरी अडचण इथेच आहे.

निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढून घेऊ नका, सेवा नव्या खात्याला जोडून घ्या. १० वर्षे भरली नाहीत तर महिन्याची पेन्शन बसत नाही. आणि ज्यांना ती सुरू आहे, त्यांनी हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत द्यावा. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. घरातल्या पोरांनी तेवढं करून द्यावं.